नळीतून जेवणाऱ्या मुलाला रात्रभर दुसऱ्या कुणाकडे सोपवताना

आजी, आत्या, मावशी किंवा ब्यूरोतून येणाऱ्या ताई दिवसा एखादं फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न, सहज देतात. आई हाकेच्या अंतरावर असते, उजेड असतो, मूल जागं असतं. रात्री यातलं काहीच नसतं. सांभाळणारं माणूस अर्धवट झोपेत असतं आणि जे बिघडतं ते पांघरुणाखाली बिघडतं. म्हणून रात्रीची तयारी वेगळी करावी लागते आणि ती एका संध्याकाळी होत नाही.

बहुतेक घरांत नव्या माणसाला फीड द्यायचं कसं ते नीट शिकवलं जातं. चालू असलेलं फीड कधी बंद करायचं, हे मात्र सांगायचं राहून जातं. शिकवायला सुरुवात तिथूनच करावी. मूल खोकायला लागलं, ओकारी आली, श्वास घरघरू लागला, ओठांचा रंग बदलला, आकडी आली, नळी सरकल्यासारखी वाटली किंवा नुसती शंका आली, तरी आधी फीड बंद, नळीला चिमटा आणि मग फोन. एखादं फीड राहिलं किंवा चार तास उशिरा गेलं तर बहुतेक मुलांना काही होत नाही. तेच फीड चुकून फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. हा फरक सांभाळणाऱ्याच्या मनात पक्का बसायला हवा. नाहीतर ‘पोर उपाशी राहील’ या धास्तीने चांगली माणसंसुद्धा फीड रेटत राहतात. ‘तुम्ही बंद केलंत म्हणून आम्ही कधीच रागावणार नाही,’ हे वाक्य त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा.

याला एक मोठा अपवाद आहे. ग्लायकोजेन साठून राहण्याच्या आजारासारखे काही चयापचयाचे आजार असलेल्या मुलांना रात्रभर चालणारं फीड औषधासारखं असतं. ते थांबलं तर काही तासांत, लहान बाळात त्याहूनही लवकर, रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. तुमचं मूल या गटात असेल, तर फीड बंद पडल्यावर किती मिनिटांत काय द्यायचं, साखर कधी तपासायची आणि कुठल्या रुग्णालयात जायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. तो कागद हातात येईपर्यंत रात्र दुसऱ्या कुणावर सोपवू नका.

नळी कुठली, त्यावर शिकवणं ठरतं

नाकातली नळी (नाकातून पोटात उतरणारी) आणि पोटातली नळी (पोटावरच्या भोकातून थेट आत जाणारी) यांतले धोके वेगळे आहेत. नाकातली नळी दिसायला सोपी वाटते, पण नव्या माणसासाठी तीच जास्त अवघड. ती खोकल्याने, उलटीने किंवा मुलाने ओढल्याने वर सरकते आणि तिचं टोक अन्ननलिकेत किंवा श्वासनलिकेच्या तोंडाशी येऊ शकतं. म्हणून प्रत्येक फीडआधी दोन गोष्टी तपासायच्या. नाकपुडीशी असलेली खूण जागेवर आहे का, आणि सिरिंजने ओढलेल्या पोटातल्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, ५.५ किंवा त्याहून कमी आहे का. पाणी आलं नाही तर मुलाला डाव्या कुशीवर १५-२० मिनिटं झोपवा, नळीतून २-३ मिली हवा सोडा आणि पुन्हा ओढून बघा. तरीही खात्री झाली नाही तर फीड नाही, पाणी नाही, औषधही नाही. पोटावर स्टेथोस्कोप ठेवून हवेचा आवाज ऐकण्याची जुनी पद्धत भरवशाची नाही. नळी फुप्फुसात असली तरी तसा आवाज येऊ शकतो. मूल अ‍ॅसिड कमी करणारं औषध घेत असेल तर पीएच वर जाऊ शकतो. अशा मुलासाठी कुठला आकडा धरायचा ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

नाकातली नळी निघाली तर नव्या माणसाने ती परत घालायची नाही. अर्धवट बाहेर आली असेल तर आत ढकलायचीही नाही. फीड बंद, नळीला चिमटा, चिकटपट्टी सोडवायची आणि नळी एका झटक्यात पूर्ण बाहेर काढायची. मग फोन करायचा आणि नळी पुन्हा बसेपर्यंत तोंडातूनही काही द्यायचं नाही. तेलमालिशीबद्दल इथेच सांगायला हवं. आजी प्रेमाने संध्याकाळी गालालाही तेल लावते आणि रात्री त्या तेलकट गालावर पट्टी टिकत नाही. मालिश करायला काहीच हरकत नाही, फक्त पट्टीच्या बाजूचा गाल कोरडा राहू दे.

पोटातल्या नळीत किंवा बटनात (त्वचेलगत बसणाऱ्या आखूड नळीत) जागा चुकण्याची भीती कमी असते. मात्र तिथे दोन तोंडं असतात आणि नवा माणूस हमखास गोंधळतो. मधलं तोंड फीडचं. बाजूचं बारीक तोंड आतल्या फुग्याचं, ज्यात साधारण ३ ते ५ मिली पाणी भरलेलं असतं आणि त्यावरच बटन पोटात टिकून राहतं. त्या बारीक तोंडाला सांभाळणाऱ्याने सिरिंज लावायचीच नाही. त्यातून औषध किंवा फीड गेलं तर फुगा फुटतो आणि पाणी ओढून घेतलं तर बटन बाहेर येतं. फुग्यातलं पाणी आठवड्यातून एकदा तुम्हीच तपासा. आपल्याकडे अनेक मुलांना बटनाऐवजी फोलीची नळीच (एरवी लघवीसाठी वापरतात ती फुग्याची नळी) पोटात बसवलेली असते. तिचा फुग्याचा झडपेचा भाग रंगीत असतो, हे बोटाने दाखवा. ही नळी हळूहळू आत ओढली जाऊ शकते आणि तिचा फुगा जठराचं पुढचं तोंड अडवतो. मग मूल सारखं उलट्या करतं आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. त्वचेच्या पातळीवर नळीवर न पुसणाऱ्या पेनाने रेघ मारून ठेवा. रेघ दिसेनाशी झाली तर फीड द्यायचं नाही.

बटनाला एक्स्टेन्शन, म्हणजे फीडसाठी जोडायची वेगळी नळी, लावताना दोन्हीवरच्या काळ्या खुणा जुळवायच्या, आत दाबायचं आणि घड्याळाच्या दिशेने पाऊण वळसा द्यायचा. काढताना दुसऱ्या हाताच्या बोटांनी बटन पोटाशी धरून उलट फिरवायचं आणि खुणा जुळल्यावरच सोडवायचं. घाईत सरळ ओढलं की फुग्यासकट बटन हातात येतं.

पंपावर चालणारी रात्र

फीड ठरलेल्या वेगाने नळीतून ढकलणाऱ्या पंपाच्या पडद्यावर दोन आकडे असतात. एक, तासाला किती मिली. दुसरा, एकूण किती मिली. या दोघांची अदलाबदल ही रात्रीची सर्वांत वाईट चूक आहे. तासाला ६० मिली याप्रमाणे एकूण २४० मिली द्यायचं आहे, पण तासाच्या जागी २४० पडले, तर चार तासांचं फीड तासाभरात पोटात जातं. मूल ओकतं, घामाघूम होतं, पांढरं पडतं आणि झोपेत असेल तर ओकलेलं श्वासात जातं. सुरू करण्याआधी दोन्ही आकडे कागदाशी ताडून मोठ्याने वाचायची सवय लावा. घरात दुसरं जागं माणूस असेल तर त्याने ऐकायचं.

दुसरी चूक नळी भरण्याची. पिशवी आणि नळीच्या सेटमधली हवा काढण्यासाठी पंप वेगाने फीड ढकलतो. हे मुलाला जोडण्याआधी करायचं. जोडून झाल्यावर पंपावरचं नळी भरण्याचं बटन दाबलं तर तो वेग थेट पोटात जातो.

रात्रभराचं फीड एकदम पिशवीत ओतून झोपून जाता येत नाही. पावडरीपासून बनवलेलं फीड बाहेर टांगलेलं असताना जास्तीत जास्त ४ तास चालतं. १० ते ६ या आठ तासांत ४८० मिली द्यायचे असतील तर २४० मिली रात्री १० ला आणि उरलेले २४० फ्रिजमधून काढून २ ला, पिशवी धुऊन घेऊन. जुन्या फीडवर नवं ओतायचं नाही. एप्रिल-मे महिन्यात खोली तापलेली असेल तर पंख्याचा भरवसा धरू नका. बर्फाची पिशवी फीडच्या पिशवीला बांधा किंवा थोडं थोडं भरा. डाळ-तांदळाची पेज, दूध, अंडं असं घरी वाटून गाळलेलं फीड रात्रीच्या पंपासाठी नको. ते दोन तासांच्या वर बाहेर ठेवायचं नाही आणि घट्ट असल्याने बारीक नळीत अडकतं.

पहिल्या काही रात्रींसाठी आहारतज्ज्ञांना विचारून फीड दिवसात वाटून घेता आलं तर फार बरं. शेवटचं फीड १० ला आणि पुढचं ६ ला असं बसलं, तर सांभाळणाऱ्यावरचा निम्मा भार उतरतो. अनेक मुलांना हे चालतं, पण आपल्या मनाने करू नये, कारण एका वेळी पोटात किती मावतं ते प्रत्येक मुलाचं वेगळं असतं.

पंप नसेल आणि थेंबांवर फीड सोडायचं असेल तर अंदाजे २० थेंबांचा एक मिली धरतात, म्हणजे मिनिटाला २० थेंब म्हणजे तासाला ६० मिली. मूल कुशीवर वळलं, नळीवरचं वेग ठरवणारं चाक थोडं सैल झालं, फीड घट्ट झालं की हा वेग बदलतो. थेंबांवरचं फीड चालू असताना जवळच्या माणसाने झोपायचं नाही. झोप येणार असेल तर फीड बंद.

पंपाची बॅटरी संध्याकाळपासून चार्जिंगला असू द्या. वीज गेली की पंप बॅटरीवर चालतो की नाही, हे एकदा मुद्दाम प्लग काढून दाखवा. गादीजवळ टॉर्च हवाच, मोबाइलचा उजेड मोजायचा नाही. रात्री फोन करताना तो हातात असतो.

झोपवायचं कसं

फीड चालू असताना आणि संपल्यावर किमान अर्धा तास मुलाचं वरचं धड ३० अंशांपर्यंत वर हवं. डोक्याखाली दोन उशा दिल्या की झालं, असं अनेकांना वाटतं. त्याने फक्त मान मुडपते आणि पोट दाबलं जातं. कमरेपासून वर उतार हवा. गादीखाली दुमडलेली सतरंजी किंवा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. मूल रात्री घसरून खाली येतंच, म्हणून २ वाजता पिशवी बदलताना त्याला वर सरकवायचं, हे वेळापत्रकात लिहा. वर्षाच्या आतल्या बाळाला उशी नाहीच. उतार किती आणि कसा, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

नळी कपड्यांच्या आतून खाली न्यायची, पायजम्याच्या पायातून बाहेर काढायची आणि पंप पायथ्याशी ठेवायचा. नळी डोक्याकडून आली तर झोपेत वळताना गळ्याभोवती गुंडाळते. ही नुसती भीती नाही. २०२१ मध्ये दोन वर्षांखालची दोन मुलं फीडच्या नळीने गळा आवळला जाऊन दगावल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये पालकांना आणि रुग्णालयांना सावध करणारी सूचना काढली. लोळणाऱ्या, हातपाय मारणाऱ्या मुलाला चालत्या फीडसह एकट्या खोलीत ठेवू नका.

रात्री प्रत्येक फेरीत एक तपासणी हाताने करायची. पांघरूण बाजूला करून पिशवीपासून पोटापर्यंत नळीवरून बोट फिरवत यायचं. कुठे पीळ आहे का, अंगाखाली दबली आहे का, औषधाच्या तोंडाचं झाकण उघडं राहिलंय का, पोटाशी ओलं लागतंय का. झाकण उघडं राहिलं तर पंप रात्रभर इमानाने चालतो, सगळं फीड गादीत जातं आणि सकाळी मूल उपाशी उठतं. सांडलेल्या फीडला तासाभरात मुंग्या लागतात, त्या नळीच्या तोंडापर्यंत येतात. चादर लगेच बदला आणि पंपाच्या स्टँडचे पायही ओल्या फडक्याने पुसा.

अडकलं, निघालं, ओकलं

पंप अडथळ्याचा अलार्म देतो तेव्हा दहांतल्या नऊ वेळा चिमटा उघडायचा राहिलेला असतो किंवा नळी अंगाखाली दबलेली असते, असंच धरून चालावं. आधी ते बघायचं. ते नसेल तर पंप काढून ५० मिलीच्या सिरिंजने थोडं कोमट पाणी हलक्या हाताने आत-बाहेर करायचं. जोर लावायचा नाही आणि २ मिलीची छोटी सिरिंज तर वापरायचीच नाही. सिरिंज जितकी लहान तितका दाब जास्त, आणि त्याने नळी फुटते. तार, सुई किंवा कोला नळीत घालायचा नाही. कोलाच्या आंबटपणाने दुधातलं प्रथिन फाटतं आणि गुठळी आणखी घट्ट होते. अडथळा मुळातच कमी होतो तो प्रत्येक फीडआधी, नंतर आणि औषधानंतर उकळून गार केलेलं ५ ते १० मिली पाणी सोडल्याने. लहान बाळांना याहून कमी लागतं, तुमच्या मुलाचा आकडा कागदावर हवा. दोन औषधं एकत्र द्यायची नाहीत, मधे पाणी. औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या कुटून नळीत घालायच्या नाहीत. आकडीची फेनिटॉइनसारखी औषधं फीडबरोबर गेली तर शरीरात नीट उतरत नाहीत. त्यांच्या आधी आणि नंतर फीड किती वेळ थांबवायचं ते डॉक्टर सांगतात. तीही वेळ कागदावर लिहा.

पोटातली नळी निघाली तर घाबरण्यापेक्षा घड्याळ बघायचं. पोटावरचं ते भोक तास-दोन तासांत आकसू लागतं. शस्त्रक्रिया होऊन साधारण ६ ते ८ आठवडे झालेले नसतील तर काहीही आत घालायचं नाही, स्वच्छ गॉज ठेवून तडक रुग्णालयात. जुनं, मुरलेलं भोक असेल आणि सांभाळणाऱ्याला तुम्ही किंवा नर्सने शिकवलेलं असेल, तर त्याच मापाची किंवा एक माप बारीक फोलीची नळी जेली लावून डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणेपर्यंत, म्हणजे ४-५ सेंटिमीटर, आत सरकवायची आणि पट्टीने चिकटवायची. तिच्यातून फीड द्यायचं नाही, ती फक्त वाट उघडी ठेवते. आत जाताना अडली तर जोर करायचा नाही. शिकवलेलं नसेल तर गॉज आणि रिक्षा, एवढंच. यासाठी लागणारं सामान, म्हणजे दोन मापांच्या नळ्या, जेली, ५ मिली सिरिंज, गॉज, पट्टी, रुग्णालयाचा कागद आणि थोडे रोख पैसे, एकाच डब्यात भरून पलंगाजवळ ठेवा.

उलटी झाली तर फीड बंद, मूल कुशीवर, तोंड पुसून मोकळं. मग पोटाच्या नळीला दट्ट्या काढलेली सिरिंज लावून वर धरायची, अडकलेला वारा बाहेर निघू द्यायचा. ज्यांचं उलटी रोखणारं ऑपरेशन झालेलं आहे ती मुलं नुसती उबळ काढतात, ओकू शकत नाहीत. त्यांना या वारा काढण्याने लगेच आराम पडतो. आकडी आली तरी आधी फीडच बंद, मूल कुशीवर, तोंडात काही घालायचं नाही, आणि वेळ मोजायची. ५ मिनिटांच्या पुढे गेली किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या नाकातल्या फवाऱ्याने थांबली नाही तर १०८. ओठ निळे, श्वास फार जलद किंवा छातीत खड्डे पडणं, हिरवी किंवा रक्ताची उलटी, पोट दगडासारखं घट्ट, मूल उठवूनही न उठणं, यांतलं काहीही दिसलं तर आईच्या फोनची वाट न बघता १०८.

तोंडाला चव

सर्वांत कठीण शिकवणं इथे आहे, आणि ते प्रेमामुळे कठीण आहे. नातवाच्या तोंडात दिवसभर काही गेलं नाही हे आजीला बघवत नाही. चमचाभर वरणाचं पाणी, साखरेचा कण, देवाचं तीर्थ, सत्यनारायणाचा प्रसाद. गिळता न येणाऱ्या मुलाच्या श्वासनलिकेत हे थेंब जातात आणि अनेकदा मुलाला खोकलाही येत नाही, म्हणून ‘बघ, गिळलं की त्याने’ असं वाटतं. ताप दोन दिवसांनी येतो, तेव्हा त्या चमच्याची आठवण कुणाला राहत नाही. नुसतं ‘देऊ नका’ म्हणून हे थांबत नाही. शक्य असेल तर गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे आजीला सोबत न्या आणि त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. काय चालतं तेही विचारून घ्या. काही मुलांच्या ओठांना ओलं बोट लावायला परवानगी असते, काहींना तीही नसते. फीडमध्ये आपल्या मनाने पाणी वाढवणं किंवा ‘थोडं जास्तच जाऊ दे’ म्हणणं, हेही याच प्रेमाचं रूप आहे. त्यासाठी मोजलेलं फीड तुम्हीच भरून, वेळ लिहून, फ्रिजमध्ये ठेवून जा.

शिकवायचं कसं

एकाच माणसाला तयार करू नका, दोघांना करा. त्यांतला एक आजारी पडणारच. पहिले धडे मुलावर नकोत. जुनी नळी, सिरिंज आणि रंगीत पाणी घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसा. सिरिंज वीतभर वर धरली की पाणी किती वेगाने उतरतं आणि खाली आणली की कसं थांबतं, हे हाताने कळलं की पोटाचं फीड देताना हात आपोआप नीट वागतो. पंपाचे अलार्मही असेच वाजवून दाखवा. चिमटा मुद्दाम बंद करा, पिशवी रिकामी होऊ द्या, प्लग काढा. प्रत्येक आवाजाचं कारण त्यांनी शोधायचं, तुम्ही नाही.

मग मुलावर. आधी तुम्ही करा, ते बघतील. मग ते करतील, तुम्ही बोलाल. मग ते करतील आणि तुम्ही गप्प बसाल, हा टप्पा शिकवणाऱ्यालाच जड जातो, पण तो चुकवू नका. त्यानंतर तुम्ही शेजारच्या खोलीत, मग दुपारी दोन-तीन तास बाहेर. पहिली रात्र तुम्ही घरातच पण दुसऱ्या खोलीत झोपून काढा, आणि २ वाजता उठायचं काम त्यांचं. ‘कळलं का?’ विचारलं की सगळे हो म्हणतात. त्याऐवजी विचारा, ‘आत्या, मध्यरात्री बटन गादीवर पडलेलं दिसलं, तर तुम्ही आधी काय कराल?’ उत्तर अडखळलं तर आणखी एक रात्र सोबत.

सगळं एका पानावर, मोठ्या अक्षरात, वाचणाऱ्याच्या भाषेत लिहा आणि भिंतीला चिकटवा. मुलाचं नाव, वजन, आजार, नळीचा प्रकार, माप आणि शेवटची बदलल्याची तारीख, फीडच्या वेळा आणि मिली, औषधं, अ‍ॅलर्जी, तुमचे दोन फोन, डॉक्टरांचा फोन, १०८, घराचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या मुलीच्या घराचा पत्ताही सांगता येत नाही.

जवळ एक वही ठेवा. किती वाजता किती मिली गेलं, कधी बंद केलं आणि का, उलटी, लघवी, ताप, नळीभोवती लाली. सकाळी परत आल्यावर ही वही आधी बघा. रात्री काही फीड राहिलं असेल तर ते सकाळच्या फीडमध्ये मिळवून एकदम देऊ नका. नेहमीच्याच मापाने सुरू करा आणि राहिलेलं दिवसभरात कसं वाटायचं ते आहारतज्ज्ञांना विचारा.